कामगाराचा आजार आणि मालकाचे दप्तर

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने आठवड्याभराच्या अंतराने दोन पावले टाकली. प्रथम डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम अधिसूचित झाले. पाठोपाठ २१ नोव्हेंबरला चार श्रमसंहिता अंमलात आल्या. पहिल्या पावलाचा गाजावाजा नागरिकांच्या खाजगीपणाची हमी म्हणून झाला, दुसऱ्याचा कामगारांना मोफत वार्षिक आरोग्य तपासणी म्हणून. ही दोन्ही आश्वासने शेजारी ठेवून वाचली की एक साधा प्रश्न उभा राहतो. तपासणी मालकाने करवून द्यायची, तर तिचा अहवाल कोणाच्या दप्तरात राहणार?

कामगार मालकाला आपली श्रमशक्ती विकतो, ती ठराविक तासांपुरती. आपल्या रक्ताचा, फुप्फुसांचा, गर्भारपणाचा वा मनाच्या दुखण्याचा इतिहास तो विकत नाही. पण हा इतिहास मालकाच्या हाती पडला की त्याचे रूपांतर कपातीच्या यादीत व्हायला वेळ लागत नाही. कायम कामगाराला काढण्यासाठी निदान काही कारण तरी दाखवावे लागते. कंत्राटी कामगाराला तेवढेही लागत नाही. दुसऱ्या दिवशी त्याला बोलावले नाही की काम झाले.

ही भीती काल्पनिक नाही. एका सार्वजनिक उपक्रमातील हंगामी मजुराच्या रक्ततपासणीत एचआयव्ही आढळला, एवढ्याच कारणावरून त्याचे काम गेले. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने हा अन्याय दूर केला. जो माणूस काम करण्यास समर्थ आहे आणि ज्याच्यापासून इतरांना लक्षणीय धोका नाही, त्याला केवळ या कारणाने नोकरी नाकारता येणार नाही असे बजावले, आणि त्याला नाव उघड न करता दाद मागू दिली. पुढे २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने नोकरीतील भेदभावास बंदी घातली व माहितीच्या गुप्ततेचे बंधन घातले. रुग्णांच्या चळवळींनी वीस वर्षे झगडून हे मिळवले. पण क्षय, कर्करोग वा मूत्रपिंडाचा विकार जडलेल्या कामगाराच्या हाती अशी स्वतंत्र ढाल आजही नाही.

येथे विम्याच्या स्वरूपाचा प्रश्न निर्णायक ठरतो. १९४८ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या राज्य कामगार विमा योजनेत वर्गणी वेतनाच्या टक्केवारीने ठरते. जुलै २०१९ पासून कामगाराचा पाऊण टक्का, मालकाचा सव्वातीन टक्के. एखाद्या कामगाराच्या आजारावर कितीही खर्च झाला तरी त्याच्या मालकाची वर्गणी एका पैशानेही वाढत नाही. शिवाय आजारपणाचा लाभ घेत असलेल्या कामगाराला बडतर्फ करण्यास त्या कायद्याच्या ७३ व्या कलमाने मनाई केली होती. योजनेच्या दवाखान्यांची दैना सर्वश्रुत आहे. पण धोका सर्वांनी मिळून वाटून घेण्याचे तत्त्व हेच कामगाराच्या गुप्ततेचे पहिले संरक्षण होते.

मात्र २०१७ साली या योजनेची वेतनमर्यादा २१,००० रुपये ठरवण्यात आली. ही मर्यादा ओलांडणारा कामगार खाजगी कंपन्यांच्या सामूहिक विम्याच्या हवाली होतो. तेथील गणित वेगळे आहे. यंदा दावे किती झाले त्यावर पुढल्या वर्षीचा हप्ता ठरतो, आणि तो हप्ता भरणारा असतो मालक. दाव्याचे कागद अनेक ठिकाणी व्यवस्थापनाच्या कचेरीतूनच पुढे जातात. म्हणजे कोणत्या कामगाराचा आजार महागात पडतो हे जाणून घेण्यात मालकाचा रोकडा हितसंबंध निर्माण होतो. येथे एखाद्या अधिकाऱ्याच्या सद्‌भावनेचा प्रश्नच उरत नाही. नफ्याचा नियम आपले काम करतो.

या व्यवस्थेचा ढोंगीपणा दुसऱ्या बाजूने अधिक उघड होतो. कामगाराचा खाजगी आजार जाणण्याची मालकाला जेवढी उत्सुकता, तेवढीच कारखान्याने दिलेला आजार दडवण्याची त्याला घाई. भोपाळच्या हत्याकांडानंतर, १९८७ साली, कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि घातक द्रव्यांशी संबंध येणाऱ्या कामगारांना आपल्या आरोग्याच्या नोंदी पाहण्याचा हक्क मिळाला. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने अॅस्बेस्टॉस कामगारांच्या नोंदी नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांतील जी मुदत उशिरा संपेल तोवर, जपण्याचा आदेश दिला. कारण उघड आहे: हे रोग दशकांनी प्रकट होतात, आणि नोंद नसेल तर नुकसानभरपाईही नाही. म्हणून कामगारवर्गाची मागणी दुहेरी आहे. जे कामगाराचे स्वतःचे आहे ते मालकाला बंद. जे कारखान्याने केले ते कामगाराला खुले.

नवा कायदा या कसोटीला उतरतो काय? ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणाला मूलभूत हक्क मानले. २०२३ च्या कायद्याने मात्र ‘नोकरीच्या प्रयोजनासाठी’ आणि मालकाला नुकसानीपासून वाचवण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती संमतीविना वापरण्याची मुभा सातव्या कलमात दिली. २०११ च्या नियमांनी वैद्यकीय नोंदींना ‘संवेदनशील’ माहितीचा वेगळा दर्जा दिला होता; नव्या कायद्यात असा दर्जाच नाही. माहितीच्या सुरक्षिततेत हयगय झाल्यास नुकसानभरपाई देणारे जुन्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ४३-अ कलम नवा कायदा रद्द करतो. यापुढे दंड कितीही मोठा झाला तरी तो सरकारी तिजोरीत जमा होणार. ज्याचा आजार चव्हाट्यावर आला त्याला त्यातला रुपयाही नाही. उलट खोटी तक्रार केल्याचे ठरले तर दहा हजारांपर्यंत दंड तक्रारदाराच्याच माथी!

सरकारची प्रवृत्ती मे २०२० मध्येच दिसली होती. महामारीच्या काळात प्रत्येक कर्मचाऱ्याच्या फोनमध्ये ‘आरोग्य सेतू’ असलेच पाहिजे असा हुकूम काढून त्याची जबाबदारी मालकांवर टाकण्यात आली. चौफेर विरोध झाल्यावर सतराच दिवसांत सक्तीचा सूर मवाळ करावा लागला. विरोध केला तर पाऊल मागे घेतले जाते, हा त्यातला धडा आहे.

तो धडा आता कामगार संघटनांनी वापरला पाहिजे. प्रत्येक करारात काही अटी घालून घेता येतील. तपासणीनंतर व्यवस्थापनाला फक्त ‘कामास योग्य’ वा ‘अयोग्य’ एवढाच निष्कर्ष कळावा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या आचारसंहितेची दिशा हीच आहे. संपूर्ण अहवालाची प्रत कामगाराच्या हाती पडावी. विम्याचा दावा व्यवस्थापनाला वगळून थेट विमा यंत्रणेकडे जावा, आणि नावानिशी वा ओळख पटेल असा तपशील मालकाला मिळू नये. अयोग्य ठरलेल्याला पर्यायी काम मिळावे. कंत्राटी कामगारांना हे सर्व हक्क लागू व्हावेत. आणि सरकारकडे मागणी हवी ती राज्य कामगार विमा योजनेचे क्षेत्र वाढवण्याची व तिचे दवाखाने सुधारण्याची.

वेतन व भत्त्यांच्या वाटाघाटीत आरोग्य-नोंदींचे कलम शेवटच्या पानावर ढकलले जाते. ते पुढे आणण्याचे काम प्रत्येक शाखेतील जागरूक कार्यकर्त्यांचे आहे. आजारी पडल्यावर डॉक्टरपाशी निर्भयपणे बोलता येणे हीसुद्धा कामगाराची एक मिळकत आहे. आणि कोणतीही मिळकत कामगारवर्गाने संघटित झाल्याविना कधीही राखलेली नाही.