पंधरा मिनिटांच्या रचनांना जागा हवी

व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रा म्हटले की बीथोव्हन, ब्राम्स, चायकोव्हस्की ही नावे चटकन ओठांवर येतात. फ्रान्सची आठवण झालीच, तर ती लालोच्या ‘सिंफनी एस्पान्योल’पाशी थांबते. त्याच लालोचे एफ मेजरमधले कॉन्चेर्तो १८७४ साली व्हायोलिनवादक सारासातेने गाजवले होते. आज ते क्वचितच ऐकू येते.

दर्जा कमी म्हणून हे फ्रेंच संगीत मागे पडले, असे आम्हाला वाटत नाही. मैफलीचा साचा त्याला आडवा येतो. पाहुण्या वादकाने मध्यंतरापूर्वी अर्ध्या तासाचे, तीन भागांचे कॉन्चेर्तो वाजवावे, हा शिरस्ता. फ्रेंच संगीतकारांचे मन मात्र पुष्कळदा छोट्या, एकसंध रचनेत रमले.

शोसाँचेच पाहा. थोर बेल्जियन वादक इझायने त्याच्याकडे कॉन्चेर्तो मागितले. शोसाँने ते अवघड ओझे टाळून १८९६ साली ‘पोएम’ लिहिले. ऑर्केस्ट्रा खालच्या सुरांत, संथपणे सुरुवात करतो आणि थांबतो. मग व्हायोलिन कसल्याही साथीविना मूळ धून मांडते. तीच धून ऑर्केस्ट्रा उचलतो. व्हायोलिन पुन्हा एकटे येते तेव्हा गज एकाच वेळी दोन तारांवर फिरतो आणि एका वाद्यातून दोन आवाज निघतात. या भागाच्या घडणीत इझायचाही हात होता. वाजवायला हे अतिशय कठीण, पण ती कसरत कुठेही मिरवलेली नाही. प्रकाशक तयार होईना, तेव्हा संगीतकार अल्बेनिझने आपल्या या मित्राला, शोसाँला, कळू न देता पदरचे पैसे घालून ‘पोएम’ छापून घेतले. कलावंतांमधला असा जिव्हाळा दुर्मीळच.

फोरेच्या कॉन्चेर्तोची कथा वेगळी. १८७८-७९मध्ये हाती घेतलेले हे काम त्याने अर्धवट सोडले. पहिला भाग तेवढा उरला. त्यातल्या कल्पना मात्र त्याच्या मनातून गेल्या नाहीत. १९२४ साली, आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, स्ट्रिंग क्वार्टेट लिहिताना त्याने त्या पुन्हा वापरल्या. अपुरे म्हणून हे पान बाजूला ठेवणे अन्यायाचे आहे.

‘पोएम’ आणि फोरेचा हा भाग, दोन्ही साधारण पंधरा-पंधरा मिनिटांचे. एकाच वादकाने ते लागोपाठ वाजवले, तर एका कॉन्चेर्तोची वेळ भरते. वाद्यवृंदांच्या कार्यक्रम समित्यांनी येत्या हंगामात एवढे तरी करून पाहावे.