रमजानच्या पिशवीत डाळ का नाही?

गेल्या रमजानमध्ये आम्ही भिवपुरीतल्या काही मुलामुलींनी मिळून आसपासच्या गरजू घरांत सामानाच्या पिशव्या वाटल्या. वर्गणी काढली, नेरळच्या बाजारातून ठोक भावाने माल आणला, रात्री जागून पिशव्या भरल्या. तेल दोन लिटर, साखर दोन किलो, मैदा, बेसन, शेवया, चहापावडर, लाल शरबताची बाटली आणि खजुराचं पाकीट. फोटोत पिशवी चांगली भरगच्च दिसत होती.

स्टेशनपासून थोड्या अंतरावर एक चाची राहतात. त्यांच्याकडे पिशवी घेऊन गेले तर ओट्यावर शरबताच्या तीन बाटल्या आधीच उभ्या होत्या. आमच्या आधी आणखी तीन जणांची पिशवी येऊन गेली होती आणि सगळ्यांत माल तोच. चाची म्हणाल्या, "पोरी, अल्लाह तुम्हाला बरकत देवो. पण एवढी साखर घेऊन मी करू काय? दुकानदार बदलून डाळ देतो, पण भाव पाडून घेतो."

त्या महिन्यात चाचींचं हिमोग्लोबिन आठच्या खाली होतं. सरकारी दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळाल्या होत्या. रोजा सोडल्यावर त्या कडक चहाबरोबर गोळी घेत. चहामुळे लोह अंगाला नीट लागत नाही, गोळी आणि चहा यांच्यात दोनेक तास जाऊ द्यावेत, लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उलट फायदा होतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मलाही ते नंतर आशाताईंकडून कळलं. आणि आमच्या पिशवीत चहापावडर होती, लिंबू नव्हतं.

हे एका चाचींचं दुखणं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे तुमच्या घरातल्या अम्मी, आपा, भाभी यांच्यातही कुणीतरी असणार. जिना चढताना दम लागतो, सेहरीला उठवत नाही, डोकं गरगरतं. आपण म्हणतो, रोज्यामुळे होतंय.

अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य गटातल्या कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. पण ते गहू-तांदूळच असतात, डाळ त्या हक्कात नाही. म्हणजे गरीब घरात पोट भरण्याची थोडीफार सोय आहे, कमी पडतात ती प्रथिनं आणि लोह. अशा घरात आपण सवाब म्हणून काय नेऊन देतो, तर आणखी मैदा आणि साखर. रेशनमध्ये जे मिळत नाही ते पिशवीत द्यावं, एवढं साधं गणित आमच्या डोक्यात आलं नाही.

आमची पिशवी सात-आठशे रुपयांना पडली होती. मी बाजारात पुन्हा जाऊन हिशेब केला. मसूर डाळ दोन किलो, हरभरे एक किलो, नाचणी दोन किलो, सुका जवळा पाव किलो, अंडी दोन डझन, तेल एकच लिटर आणि खजूर. साधारण तेवढ्यातच बसतं. अंडी पिशवीत फुटतील, तर कोपऱ्यावरच्या दुकानात पैसे भरून घराघरांत चिठ्ठी द्यायची. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात त्याच्या पासंगालाही पुरत नाही. सेहरीला नाचणीची भाकरी खाल्ली की पोटाला आधारही जास्त वेळ राहतो, हे माझी दादी कुठलंही पुस्तक न वाचता सांगायची.

ही यादी मी ग्रुपमध्ये मांडली तेव्हा भावाबद्दल कुणी काही बोललं नाही. एकजण म्हणाला, "रमजानमध्ये जवळा वाटणार? लोक हसतील." खरी अडचण हीच आहे. रायगडात पावसाळ्याआधी आगोटीची बेगमी म्हणून सुकट-बोंबील भरून ठेवण्याची रीत आपल्या घरांतही होती, अजूनही काही घरांत आहे. पण पाहुण्यांसमोर ते पानात वाढायची आता लाज वाटते. वालाचं बिरडंही तसंच मागे पडलं (कडवा वाल आता स्वस्तही राहिला नाही म्हणा). जूनमध्ये आदिवासी बाया स्टेशनबाहेर टाकळा, कुर्डूचे वाटे घेऊन बसतात. शेवळं असली तर घशाला खाजू नये म्हणून सोबत काकडंही देतात. आपण त्यांना ओलांडून पुढे जातो आणि चायनीजच्या गाडीवर थांबतो. "ते कातकऱ्यांचं खाणं" असं मी आपल्याच लोकांच्या तोंडून ऐकलंय. ज्यांच्याकडून शिकायचं त्यांनाच आपण खालचं ठरवलं.

कर्जत लोकलने रोज मुंबईला जाणाऱ्या पोरांना मी उपदेश करणार नाही. पहाटे घर सोडायचं, दोन तास प्रवास, संध्याकाळी भूक मारायला वडापाव. त्या दोन घासांवर बोट ठेवणं सोपं आहे. पण खिशात भाजलेले हरभरे-शेंगदाणे ठेवायला हरकत नसावी.

पिशवीने एक गोष्ट मात्र सुटणार नाही. सेहरीला सगळ्यांआधी उठते ती बाई आणि सगळ्यांत शेवटी जेवते तीच. दोन डझन अंडी आली तरी ती मुलांच्या, मग मर्दांच्या ताटात जातील आणि तिच्या वाट्याला रस्सा उरेल. घरात पैसा कमी असला की पहिली काटछाट तिच्या ताटात होते, आणि ती स्वतःच करते म्हणून कुणाला दिसत नाही. इफ्तारचा दस्तरखान पसरल्यावर अम्मी तळणीपाशीच उभी असेल तर तिला बोलावून बसवणं, तिच्यासमोर अंडं ठेवणं, याला एक रुपयाही लागत नाही.

सरकारलाही मोकळं सोडायचं कारण नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं देण्याचा निर्णय झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये राज्याने त्याचा निधी बंद केला. आपली मुलं ज्या जिल्हा परिषदेच्या आणि उर्दू शाळांत जातात, तिथल्या ताटातलं अंडं गेलं. हिजाबवर एखादं विधान झालं की आपण रात्रभर पोस्टी लिहितो, या अंड्यावर मी आपल्या एकाही ग्रुपमध्ये चर्चा पाहिली नाही.

आता फितऱ्याचं. कोकणातले आपण बहुतेक शाफई. आपल्या फिकहप्रमाणे फितरा माणशी एक साअ, म्हणजे साधारण अडीच ते तीन किलो, त्या भागात जे धान्य खाल्लं जातं त्यात द्यायचा असतो. म्हणजे गरिबाच्या घरात काय शिजतं याचा विचार आपल्याकडे चौदाशे वर्षांपासून आहे. मग उरलेली पिशवीही त्याच विचाराने का भरू नये? शरबताची बाटली कुठल्याही मसल्यात सांगितलेली नाही.

पुढचा रमजान २०२७ च्या फेब्रुवारीत येतोय. यादी मी आधीच चाचींना दाखवून आले. त्यांनी चष्मा लावून ती नीट वाचली. जवळा बघून हसल्या, म्हणाल्या, "हा आधी का नाही सुचला?" नाचणी दोनऐवजी तीन किलो करायला सांगितली. मग माझ्या हातातून पेन घेतलं आणि सगळ्यांत खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: लिंबं, बारा.