ताडोबाचे दार कुणासाठी?

चंद्रपूरच्या ताडोबा अरण्याला नाव मिळाले ते कोणा राजावरून वा गोऱ्या साहेबावरून नव्हे. वाघाशी झुंजताना ज्याला मरण आले असे सांगतात, त्या तारू नावाच्या गोंड गावप्रमुखाचे ते नाव आहे. तलावाकाठी विशाल वृक्षाखाली त्याचे ठाणे आहे आणि पौषात तेथे दर्शनाला जाण्याची वनवासी बांधवांची जुनी परंपरा आहे.

येथे १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, १९८६ साली अंधारी अभयारण्य. पुढे दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प आकारास आला. सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा गाभा आणि त्याभोवती अकराशे चौरस किलोमीटरचे बफर क्षेत्र, असा त्याचा विस्तार आहे. पिल्ले वाढविणाऱ्या वाघिणीला निवांतपणा हवा, म्हणून निर्बंध हवेत, याविषयी दुमत नाही. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने गाभ्यातील पर्यटन काही काळ थांबविले. त्याच वर्षीच्या मार्गदर्शक तत्त्वांनी ते गाभ्याच्या २० टक्क्यांपर्यंत मर्यादित केले, हे योग्यच झाले.

प्रश्न वेगळाच आहे. निर्बंधांचा भार कोणी वाहायचा? शहरातून येणाऱ्याला पैसे भरून जिप्सीतून गाभ्यात जाता येते. मोह आणि तेंदूपाने वेचणारी बाई मात्र बफरच्या जंगलात पायी हिंडते आणि वाघाचा पहिला घाव तीच सोसते. जोखीम एकाची आणि आनंद दुसऱ्याचा, ही वाटणी न्याय्य म्हणता येईल काय?

गावकऱ्यांना अधिकार दिले की जंगल संपेल, ही भीती निराधार आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. २०१२ साली तो मिळविणाऱ्या चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने तर तेंदू तोडणी स्वतःहून थांबविली. कारण त्यासाठी झाडे छाटली जातात, आगी लागतात. हक्क हाती आला, तेव्हा मर्यादाही गावानेच घालून घेतली.

म्हणून पौषातील दर्शनाचे दिवस आणि यात्रेकरूंची संख्या ग्रामसभा व वनविभाग यांनी एकत्र बसून ठरवावी. त्या दिवशी त्या वाटेवरील पर्यटकांच्या गाड्या कमी कराव्यात. बफरमधील पर्यटनाच्या उत्पन्नाचा विनियोग ठरविताना ग्रामसभेचा शब्द अखेरचा असावा. ज्यांनी वाघाबरोबर राहण्याची किंमत पिढ्यान्‌पिढ्या मोजली, त्यांनाच अरण्याच्या दारात परके ठरविले, तर उद्या वाघाची राखण करायला कोण उभे राहील?