दारुडा गुन्हेगार की रोगी?

घरचा कर्ता पुरुष दारूच्या नादी लागला म्हणजे आमचे लोक आधी देवऋषी गाठतात, मग त्याच्या गळ्यात माळ घालतात, आणि शेवटी ज्या केंद्रात रोग्यास कोंडून बडवितात तेथे त्यास नेतात. त्यापायी दावणीचा बैल विकलेला आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे.

1949 सालच्या दारूबंदी कायद्याने बिनपरवाना पिणारास गुन्हेगार ठरविले. पण 2017 सालच्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या व्यसनाने जडणारे मनाचे विकार आजारांत गणले आहेत. अशा रोग्यास साखळीने बांधण्यास त्या कायद्याची साफ मनाई आहे. दारिद्र्यरेषेखालील माणसास, मग त्याजपाशी तसे कार्ड असो वा नसो, सरकारी इस्पितळात फुकट उपचार मिळण्याचा हक्क आहे. तेथील बाबू कार्डावाचून परत लावू लागला तर मायबहिणींनी हे कलम 18 त्यास ऐकवावे. खाजगी केंद्रात पाऊल टाकण्यापूर्वी नोंदणीचा दाखला मागावा. त्यात भीड कसली?

आणखी एक. जुन्या पिणाराची दारू घरीच एकाएकी तोडू नये. हातपाय कापतात, झटके येतात, नाही ते दिसू लागते. त्यात माणूस दगावतोही. हे काम डॉक्टरच्या देखरेखीचे आहे.

तथापि तो डॉक्टर तालुक्याच्या गावी भेटेल तेव्हा ना! दारूचा महसूल दरसाल न चुकता वसूल करणाऱ्या सरकारने त्यातूनच प्रत्येक तालुक्याच्या इस्पितळात मनोविकारांचा डॉक्टर नेमावा, ही आमची मागणी आहे.