शेवटचा दिवस कोरडा ठेवा

मालदीव, इजिप्तचा तांबडा समुद्र, ऑस्ट्रेलियाची ग्रेट बॅरिअर रीफ, आपले अंदमान! पाठीवर हवेची टाकी बांधून प्रवाळ पाहायला आता आपल्याकडची मंडळीही जातात. या हौसेला माझा विरोध नाही, घाईला आहे. पैसे वसूल व्हावेत म्हणून सकाळी बुडी आणि दुपारी परतीचे विमान, हा बेत घातक आहे.

१० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो. त्यामुळे श्वासातला नायट्रोजन रक्तात जास्त विरघळतो आणि वर आल्यावर सावकाश बाहेर पडतो. विमानात हवेचा दाब कमी असतो. तेव्हा सोड्याची बाटली उघडावी तसे त्याचे बुडबुडे होऊ शकतात. सांधे ठणकतात, मुंग्या येतात, क्वचित पाय लुळे पडतात. म्हणून एका साध्या बुडीनंतर किमान १२ तास, अनेक बुड्यांनंतर १८ तास विमान टाळावे. मी तर पूर्ण दिवस सोडा असेच सांगेन.

दमा, फिट्स किंवा हृदयविकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारा. प्रकृतीच्या अर्जावर न वाचता सही करू नका. सर्दीत बुडी नकोच, कानाचा पडदा फाटू शकतो. बुडालेले पैसे पुन्हा मिळवता येतात, गेलेले पाय नाही.