गाण्याची वर्गणी आणि फौजी सवलत



एक मुलगा औताला आणि एक मुलगा सीमेवर, अशी घरे आपल्याकडे थोडीथोडकी नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखतात. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीचे तर नावच सैनिक टाकळी. अशा घरांत ऊस, सोयाबीन, दूध यांच्या जोडीला फौजेतला पगार किंवा पेन्शन हा मोठा आधार असतो. हे पैसे दर महिन्याला ठरल्या वेळी बँकेत जमा होतात, आणि म्हणूनच त्यांच्यावर डोळा ठेवणारेही पुष्कळ असतात.

एका माजी हवालदारांच्या पत्नीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, “साहेब, मुलगा जम्मूकडे आहे. त्याला गाण्याचा फार नाद. आमच्या ह्यांच्या मोबाईलवर निरोप आला आहे की, फौजी आणि माजी सैनिकांना गाण्याचे अ‍ॅप वर्षभर निम्म्या पैशांत मिळते. फक्त कँटीन कार्डाचा आणि पेन्शनच्या कागदाचा फोटो पाठवायचा. हे म्हणतात पाठवू. मी म्हटले, आधी साहेबांना विचारू. अशी सवलत खरंच असते का?”

ताई, तुम्ही थांबलात ते फार बरे केलेत. तुमचा प्रश्न पिकाचा नसला तरी शेतकऱ्याच्या घरातला आहे, म्हणून आजचा सगळा लेख त्यालाच देतो.

आधी ही वर्गणी म्हणजे काय ते पाहू. पूर्वी आपण कॅसेट विकत आणत होतो. ती आपल्या मालकीची असे, हवी तितकी वर्षे वाजवावी. आता मोबाईलवर गाणे इंटरनेटवरून वाहत येते. त्याला स्ट्रीमिंग म्हणतात. कॅसेट म्हणजे आपली विहीर, तर स्ट्रीमिंग म्हणजे पाटाचे पाणी. पाणीपट्टी भरली तोवर पाणी, थांबली की पाट कोरडा. वर्गणी भरून मोबाईलमध्ये उतरवून घेतलेली गाणीही वर्गणी संपली की वाजत नाहीत. आणि पाटच बंद झाला तर? एअरटेलची विंक ही गाण्याची सेवा २०२४ मध्ये बंद झाली. म्हणून वर्षभराचे पैसे एकदम भरण्याआधी महिना-दोन महिने वापरून पाहावे.

आता सवलतीविषयी. फौजी सवलतीची ही बोली मुळात अमेरिकेतली आहे. तिकडे दुकानदार, हॉटेलवाले, मोटारकंपन्या सैनिकांना आणि माजी सैनिकांना बिलात सूट देतात. तसा तिथला रिवाजच पडून गेला आहे. पँडोरा नावाची तिथली गाण्याची सेवा सैनिकांना कमी दरात वर्गणी देते. पण केवळ ‘मी फौजी’ म्हटल्याने कोणी सूट देत नाही. माणूस खरोखर सैन्यात आहे किंवा होता, हे पडताळून देणाऱ्या वेगळ्या कंपन्या तिकडे आहेत. आयडी डॉट मी आणि शीअरआयडी ही त्यांतली दोन नावे. पडताळणी झाली की सवलत त्या माणसाच्या स्वतःच्या खात्याला लागते. ती सूट अमेरिकेच्या सैन्यातल्या लोकांसाठी असते. आपले ओळखपत्र तिथे चालत नाही. आणि पँडोरा ही सेवा तर भारतात मिळतच नाही. इंटरनेटवर ‘फौजींसाठी गाण्याची सवलत’ म्हणून ज्या याद्या फिरतात, त्या बहुतेक तिकडच्या असतात. कोकणातल्या भाताचे वेळापत्रक घेऊन मराठवाड्यात ज्वारी पेरावी, तसा तो प्रकार होतो.

आपल्याकडे स्पॉटिफाय, अ‍ॅपल म्युझिक, यूट्यूब म्युझिक या सेवा चालतात. अशा सेवांच्या वर्गण्यांचे प्रकार ठरलेले असतात, जसे एकट्याची, कुटुंबाची, विद्यार्थ्याची; मात्र प्रत्येक सेवेत सगळेच प्रकार असतात असे नाही. यात ‘फौजीची वर्गणी’ असा प्रकार नाही. म्हणजे ताई, तुमच्या घरी आलेला निरोप ज्या सवलतीविषयी बोलतो, ती सवलत या सेवा देतच नाहीत. मग कागदाचा फोटो कशासाठी हवा, हे सांगायला नको.

तरीही गाण्यावरचा खर्च कमी करता येतो. त्याच्या खऱ्या वाटा अशा आहेत.

पहिली वाट कुटुंबाच्या वर्गणीची. तिच्यात सहा जणांपर्यंत माणसे बसतात आणि प्रत्येकाचे खाते वेगळे राहते. समजा, एकट्याची वर्गणी महिना १२० रुपये आणि कुटुंबाची १८० रुपये आहे. घरात चार जण ऐकणारे असले, तर वेगवेगळे ४८० रुपये जातील. एकत्र घेतले तर माणशी ४५ रुपये पडतील. ऐकणारा एकच असेल तर मात्र ती वर्गणी महागच पडते. एक अटही लक्षात ठेवा. कुटुंब वर्गणीत सगळ्यांनी एकाच पत्त्यावर राहायला हवे असा नियम काही सेवा ठेवतात. मुलगा जम्मूकडे आणि बाकीचे गावी, हे त्या नियमात बसत नाही. अ‍ॅपलमध्ये सहा जणांचे कुटुंब धरले जाते. घेण्यापूर्वी अटी कोणाकडून तरी वाचून घ्याव्यात.

दुसरी वाट विद्यार्थ्याची. तुमची मुलगी कृषी महाविद्यालयात किंवा आणखी कुठल्या महाविद्यालयात शिकत असेल, तर तिला कमी दराची वर्गणी मिळू शकते. तिथे महाविद्यालयाची पडताळणी होते. स्पॉटिफायमध्ये ती दर बारा महिन्यांनी पुन्हा करावी लागते, आणि ही सवलत जास्तीत जास्त चार वर्षे मिळते.

तिसरी वाट मोबाईलच्या रिचार्जची. काही रिचार्जसोबत गाण्याची सेवा जोडून येते. आपण भरतो त्याच रिचार्जमध्ये ती असेल, तर वेगळी वर्गणी म्हणजे एकाच रानाला दोनदा पाणी. दुकानदाराला नेमके विचारा: गाणी किती दिवस, आणि पुढे पैसे आपोआप कापले जाणार का?

चौथी वाट सगळ्यांत जुनी, आणि ती फुकटची आहे: आकाशवाणी. ‘न्यूज ऑन एअर’ या तिच्या अ‍ॅपवर विविध भारती आणि आकाशवाणीची मराठी केंद्रे मोबाईलवर ऐकता येतात. वर्गणी नाही, लागतो तो फक्त इंटरनेटचा डेटा. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली, आणि फौजी भावांच्या फर्माईशीचा तिचा ‘जयमाला’ हा कार्यक्रम घराघरांत पोचला. सैनिकाला गाणे पोचवण्याचे काम आपल्या देशात रेडिओने केले, आणि त्यासाठी कुणाकडे कार्डाचा फोटो मागितला नाही!

डेटाचाही हिशेब करावा. ९६ च्या दर्जावर तासभर गाणी ऐकली, तर सुमारे ४३ एमबी डेटा जातो. ३२० च्या दर्जावर १४४ एमबीच्या आसपास. मोबाईलच्या लहान कर्ण्यातून ऐकताना हा फरक फारसा कळत नाही. सेटिंगमध्ये जाऊन दर्जा साधा ठेवला, तर तेवढ्याच डेटात तिप्पट वेळ गाणी होतात.

मुलगा सीमेकडे असेल तर आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. स्पॉटिफायवर उतरवलेली गाणी चालू राहावीत म्हणून ३० दिवसांतून एकदा तरी मोबाईल इंटरनेटला जोडावा लागतो. चौकीवर महिनाभर रेंज नसेल, तर भरलेली वर्गणी वाया जाते. दुसरे असे की, सैन्यात मोबाईलवर काय ठेवावे याचे नियम असतात. जुलै २०२० मध्ये सैन्याने आपल्या लोकांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ अ‍ॅप काढून टाकायला सांगितले होते. म्हणून परस्पर वर्गणी भरून त्याला चकित करू नका. “तुझ्या युनिटमध्ये काय चालते?” एवढे त्याला आधी विचारा. कोणत्याही अ‍ॅपशिवाय वाजणारी गाणी हवी असतील, तर रजेवर आल्यावर रीतसर विकत घेतलेली गाणी मेमरी कार्डावर भरून द्यावीत. ती विहिरीच्या पाण्यासारखी, बारमाही.

आता फसवणुकीचे पाहू. फौजीच्या नावावर होणारी फसवणूक दोन्ही बाजूंनी होते. जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीत ‘मी आर्मीत आहे, बदली झाली आहे, गाडी स्वस्तात देतो’ असे सांगून लोकांना गंडवण्याचे प्रकार देशभर घडले आहेत. गणवेशावर आपला विश्वास असतो, आणि त्याचाच फायदा घेतला जातो. तसेच ‘फौजींना सवलत’ म्हणून खऱ्या फौजीलाच जाळ्यात ओढले जाते. कँटीन कार्ड, पेन्शनचा आदेश, आधार आणि बँकेचा मोबाईल नंबर एकाच्या हाती लागले, की तुमच्या नावाने बँकेशी किंवा तुमच्याशी खोटे बोलणे त्याला सोपे जाते.

आम्ही शेतकऱ्यांना नेहमी सांगतो की, प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळे लेबल असते. लेबल पाहा, शिलाई पाहा, पावती घ्या, मगच पिशवी घरी आणा. सवलतीचेही तसेच तपासा. ती कोण देतो? कुणाला देतो? पडताळणी कुठे करतो? पडताळणी कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये होते. अनोळखी माणसाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कधीच होत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली अ‍ॅपची फाइल उघडू नये. अ‍ॅप मोबाईलमधल्या प्ले स्टोअरमधूनच घ्यावे. ओटीपी कुणालाही सांगू नये. आणि हे घरातल्या सगळ्यांनी पाठ करावे: पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत.

चुकून पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. १९३० हा सरकारचा मदत क्रमांक आहे. त्याच क्षणी तिथे फोन लावावा आणि बँकेलाही कळवावे. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम मध्येच अडवली जाण्याची शक्यता जास्त. बांध फुटल्यावर कुणाची चूक ते नंतर पाहतात, आधी माती टाकतात.

खऱ्या कंपनीच्या वर्गणीतही एक खाच असते. ‘पहिला महिना फुकट’ म्हणताना ती पुढच्या महिन्यापासून पैसे आपोआप कापण्याची परवानगी घेऊन ठेवते. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमानुसार असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. तो निरोप जाहिरात समजून पुसून टाकू नका. नुसते अ‍ॅप मोबाईलमधून काढल्याने वर्गणी थांबत नाही. ती अ‍ॅपच्या खात्यात जाऊन रद्द करावी लागते, आणि यूपीआय अ‍ॅपमधल्या ‘ऑटोपे’ या ठिकाणी चालू असलेल्या सगळ्या परवानग्या दिसतात. फुकटचा महिना घेतला, की भिंतीवरच्या कॅलेंडरवर शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी खूण करावी.

शेवटी, ताई, तुमच्या यजमानांना एक सांगा. सवलतीच शोधायच्या असतील, तर जिथे त्या खरोखर आहेत तिथे शोधाव्यात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एकदा कागद घेऊन जावे. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने माजी सैनिक सन्मान योजना काढली. तिच्यात ग्रामपंचायत हद्दीतल्या माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवा पत्नींना घरपट्टी माफ करण्याची तरतूद झाली. माजी सैनिकांच्या मुलांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे. २०१९ मध्ये तिची रक्कम वाढवून मुलींना महिना ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये केली गेली. तिचा अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाकडे जातो, व्यावसायिक अभ्यासक्रमाची आणि गुणांची अट असते. औषधपाण्यासाठी १ एप्रिल २००३ पासूनची माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे. तिचे कार्ड आणि त्यावरची नावे बरोबर आहेत का, ते पाहावे.

गाण्याच्या वर्गणीत फार तर वर्षाला हजार-पाचशे रुपये वाचतील. मुलीच्या शिष्यवृत्तीचे वर्षाला ३६,००० होतात. पहिल्या सवलतीसाठी कुणी अनोळखी माणूस घरबसल्या फोटो मागतो, दुसरीसाठी आपल्याला एस.टी.ने जिल्ह्याला जावे लागते. पण खरी सवलत अशीच असते. तिला कार्यालय असते, शिक्का असतो, आणि विचारायला समोर माणूस असतो.

तो निरोप पुसून टाका, पेन्शनचे कागद कपाटात कुलपात ठेवा, आणि मुलाचा फोन आला की त्याला कोणती गाणी हवीत ते विचारून घ्या.