पिशवी कुणाची, खाचर कुणाचे?



२७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीला पूर आला. बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. हजारावर प्रवाशांना सुखरूप बाहेर काढले, देशभर बातमी झाली. पाणी ओसरल्यावर नदीकाठच्या खाचरांत काय उरले, याची बातमी मात्र कुणी केली नाही. लावणी झालेल्या भाताभोवती गुंडाळलेल्या पिशव्या, बांधाला अडकलेली दुधाची पाकिटे, मोरीत तुंबलेल्या बाटल्या. ते सगळे वेचायचे कुणी? ज्याचे खाचर त्याने.

हा माल खाचरात पिकत नाही. अंबरनाथच्या डोंगरात उगम पावणारी वालधुनी प्राचीन शिवमंदिराच्या अंगणातून वाहते, उल्हासनगर ओलांडते आणि कल्याणला उल्हासच्या खाडीला मिळते. एवढ्या लहानशा वाटेत नदीचे गटार होते. उल्हासनगर तर नदीचेच नाव धारण करणारे शहर. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीचे १९४९ मध्ये ते शहर झाले. जिचे नाव घेतले, तिच्याच पदरात शहराने कचरा टाकला.

कायदे नाहीत असे नाही. २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर राज्याने ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांवर बंदी घातली. २३ मार्च २०१८ ची अधिसूचना त्याहून कडक. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा हजार, तिसऱ्याला पंचवीस हजार आणि तीन महिने कैद. १ जुलै २०२२ पासून केंद्राचीही बंदी आली. तरी बाजारात पिशवी मिळतेच. कारण दंडाची पावती फाटते ती पाटी घेऊन बसलेल्या भाजीवालीच्या नावाने. पाच हजार म्हणजे तिच्या कितीतरी दिवसांची भाजी. पिशवी तयार करणाऱ्या कारखान्यापर्यंत पथकाचे पाय सहसा पोचत नाहीत. त्याच अधिसूचनेत दुधाची रिकामी पिशवी किमान पन्नास पैशांना परत घेण्याची तरतूद होती. ती परत घेणारा दुकानदार आम्हाला अजून भेटायचा आहे.

सरकारला दोष देऊन आम्ही थांबणार नाही. पथक आपल्या बांधावर येत नाही, म्हणून आपण निर्दोष ठरत नाही. मल्चिंगचा कागद हंगामानंतर नांगराखाली कोण गाडतो? औषधाची रिकामी बाटली ओढ्यात कोण फेकतो? राबात पालापाचोळ्याबरोबर पिशव्या कोण जाळतो? प्लास्टिक कुजत नाही. उन्हाने त्याचा भुगा होतो आणि तो मातीतच राहतो. गाडलेल्या कागदाच्या थराखाली पाणी मुरत नाही, मूळ अडते. राबात जाळले तर विषारी धूर आपल्याच पोरांच्या छातीत जातो. उकिरड्यावरची पिशवी गाईने गिळली की ती पोटात गोळा होऊन बसते. गाय रवंथ सोडते, चारा सोडते आणि डोळ्यांदेखत खंगत जाते.

उपाय लांब नाही. बदलापूर स्टेशनबाहेर आदिवासी बाया जांभळे-करवंदे पानाच्या द्रोणात विकतात, त्यांना कोणत्या खात्याने शिकवले? उल्हासनगरात जीन्स शिवणारी हजारो मशिने आहेत आणि त्यांची कातरण आहे. त्या कातरणीच्या पिशव्या आपल्या बाजारात का दिसू नयेत? शेतकऱ्याने तर कापडी पिशवीचा आग्रह स्वार्थासाठीच धरावा. तिच्यात विदर्भ-मराठवाड्यातल्या आपल्या भावाचा कापूस आहे. प्लास्टिकच्या पिशवीत शेतकऱ्याचे काहीही नाही.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही हे ठेवतो.

एक, बैठकीत पाण्याच्या बाटल्या, प्लास्टिकचे पेले आणि फ्लेक्स बंद. पाणी माठातले, जेवण पत्रावळीवर, फलक कापडाचा.

दोन, औषधाची बाटली तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावे. मग बाटलीला भोक पाडून ती वेगळी ठेवावी. तिच्यात तेल-पाणी कधीही भरू नये. मल्चिंगचा कागद पीक निघताच गोळा करावा. राबात प्लास्टिक जाळू नये.

तीन, बाजाराला जाताना कापडी पिशवी घरातून न्यावी. शेतमाल विकणाऱ्या बहिणींनीही गिऱ्हाइकाला तसे सांगावे. सगळ्याजणी एकमुखाने बोलल्या तर गिऱ्हाईक तुटत नाही.

चार, केंद्राच्या २०१६ च्या नियमांनी वेष्टनाचा कचरा परत घेण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे. खताची गोणी आणि औषधाची बाटली कृषी सेवा केंद्रातच अनामत देऊन परत घेतली जावी, ही मागणी तिन्ही शहरांच्या पालिकांकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी द्यावी.

पहिली तीन कामे आपल्या हातातली आहेत. ती केली, तर चौथे मागताना आपली मान ताठ राहील. आपलाच ओढा बाटल्यांनी भरलेला असताना कंपनीच्या दारात जाऊन आपण कोणत्या तोंडाने बोलणार?